नील किनॉक : विरोधी बाकांवरची नऊ वर्षे

९ जून १९८३ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ब्रिटनच्या मजूर पक्षाला २७.६ टक्के मते आणि २०९ जागा मिळाल्या. पक्षातून फुटलेल्या सोशल डेमोक्रॅटांची लिबरलांबरोबरची आघाडी मतांमध्ये जेमतेम दोन टक्क्यांनी मागे होती. सत्ता दूरच राहिली, प्रमुख विरोधी पक्ष हे स्थान तरी टिकेल की नाही, अशीच शंका होती. मायकल फूट पायउतार झाल्यावर ऑक्टोबरमध्ये ४१ वर्षांच्या नील किनॉक यांच्याकडे नेतेपद आले, ते या अवस्थेत.

किनॉक यांचा जन्म दक्षिण वेल्समधील ट्रेडेगर या खाणींच्या गावचा. वडील कोळसा खाणीत कामगार आणि आई परिचारिका. राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी करणारे अन्यूरिन बेव्हन हेही ट्रेडेगरचेच, त्यामुळे डाव्या वक्तृत्वाचा वारसा त्यांना घरबसल्या मिळाला होता. १९७० मध्ये ते हाउस ऑफ कॉमन्समध्ये निवडून आले, तेव्हा अण्वस्त्रांचा एकतर्फी त्याग आणि युरोपीय समुदायाला (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपाला) विरोध या पक्षातल्या डाव्या गटाच्या दोन्ही भूमिका त्यांच्याही होत्या. मंत्रिपद मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. १९८१ च्या उपनेतेपदाच्या लढतीत त्यांनी डाव्या गटाचे नेते टोनी बेन यांना मत देण्याऐवजी तटस्थ राहणे पसंत केले, बेन एक टक्क्याहून कमी फरकाने हरले, आणि कडव्या डाव्यांच्या मनात किनॉक यांच्याविषयीची अढी तेव्हापासून कायमची बसली.

नेतेपदाच्या पहिल्या दोन वर्षांतले एक वर्ष खाणकामगारांच्या संपाने खाल्ले. संघटनेचे अध्यक्ष आर्थर स्कारगिल यांनी देशव्यापी मतदान न घेताच संप पुकारला होता. किनॉक यांना ते पटले नव्हते, पण खाणकामगाराच्या मुलाने संपकऱ्यांविरुद्ध उघड बोलावे तरी कसे? मतदानाची मागणी आपण वेळीच केली नाही, याचा खेद त्यांनी पुढे स्वतःच बोलून दाखवला. संप मार्च १९८५ मध्ये कोलमडला.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बोर्नमथच्या पक्ष-अधिवेशनात मात्र ते कचरले नाहीत. लिव्हरपूल नगर परिषदेवर पकड असलेल्या ‘मिलिटंट’ या ट्रॉट्स्कीवादी गटाने तुटीचा अर्थसंकल्प मांडून सरकारशी झुंज घेतली होती आणि पैसा संपत आल्यावर आपल्याच हजारो कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्याच्या नोटिसा टॅक्सीतून पोहोचवल्या होत्या. मजूर पक्षाच्या परिषदेने हे करावे, यावर किनॉक यांनी व्यासपीठावरून असा काही प्रहार केला की, लिव्हरपूलचे खासदार एरिक हेफर तिथून उठून गेले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा खरा मध्यबिंदू हाच, कारण हुजूर पक्षाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्याशी लढण्याआधी पक्षातली लढाई जिंकावी लागेल हे त्यांनी इथे उघडपणे मान्य केले.

पुढची वाट संथ होती. १९८६ मध्ये पक्षाचे चिन्ह म्हणून लाल झेंड्याच्या जागी लाल गुलाब आला. १९८७ मध्ये पुन्हा पराभव झाला, जागा २२९ वर अडकल्या. त्यानंतरच्या धोरण-फेरआढाव्यात १९८९ पर्यंत एकतर्फी अण्वस्त्रत्याग वगळला गेला आणि युरोपबद्दलचा सूरही बदलला. याने पक्ष मध्यममार्गी मतदाराच्या जवळ आला खरा, पण किनॉक यांची नेमकी निष्ठा कशावर, हा हुजूर पक्षाचा हुकमी प्रश्नही त्यातूनच बळावला.

९ एप्रिल १९९२ च्या निवडणुकीआधी बहुतेक चाचण्या मजूर पक्षाला किंचित पुढे किंवा संसद त्रिशंकू दाखवत होत्या. प्रत्यक्षात हुजूर पक्षाचे पंतप्रधान जॉन मेजर यांना २१ चे बहुमत मिळाले आणि मजूर पक्ष २७१ वर थांबला. या पराभवाचे खापर पुष्कळदा आठवडाभर आधीच्या मजूर पक्षाच्या शेफिल्डमधील जल्लोषी सभेवर फोडले जाते. ते सोयीचे आहे, पण पक्षाचे अर्थविषयक प्रवक्ते जॉन स्मिथ यांच्या पर्यायी अर्थसंकल्पातील करवाढीने बिथरलेला मतदार हे कारण मला अधिक वजनदार वाटते.

त्या उन्हाळ्यात नेतेपद स्मिथ यांच्याकडे गेले आणि १९९७ मध्ये ४१८ जागा जिंकल्या त्या टोनी ब्लेअर यांनी. किनॉक त्याआधीच, १९९५ मध्ये, खासदारकी सोडून युरोपीय आयोगाचे सदस्य म्हणून ब्रसेल्सला गेले होते. १९७५ च्या सार्वमतात युरोपीय समुदायातून बाहेर पडण्याचा प्रचार करणारा हा नेता पुढे त्याच आयोगाचा उपाध्यक्ष झाला.