झटका न येता मंदावणारा मेंदू

ज्याला कधी अर्धांगवायूचा झटका आला नाही, त्याच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या ठणठणीत असणार, असं आपण धरून चालतो. मग सत्तरीतल्या माणसाचा भलत्याच कारणासाठी एमआरआय होतो आणि अहवालात एक ओळ येते: मेंदूच्या पांढऱ्या भागात ठिकठिकाणी डाग, वयोमानानुसार बदल. अहवाल फाईलला लागतो, विषय संपतो. घरात मात्र सगळ्यांना जाणवत असतं की हिशेबाला आताशा वेळ लागतो, दोन कामं एकदम सांगितली की गोंधळ उडतो, गप्पांमध्ये उत्तर यायला उशीर होतो. यावर दोनच मतं ठरलेली असतात. ‘साठी बुद्धी नाठी, चालायचंच’, नाहीतर ‘अल्झायमर दिसतोय’. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा आजार हे तिसरं कारण कुणाच्या तोंडी येत नाही. स्मृतिभ्रंशाच्या कारणांमध्ये अल्झायमरच्या पाठोपाठ रक्तवाहिन्यांच्या आजाराचाच नंबर लागतो, तरीही.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण प्राणवायू तो 20 टक्क्यांच्या आसपास खातो. आणि साठा म्हणाल तर जवळजवळ शून्य. मेंदूकडे जाणारं रक्त पूर्ण थांबलं तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. हा पुरवठा खोलवर पोचवणाऱ्या धमनिका अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतात. काही धमनिका मेंदूच्या तळाच्या मोठ्या धमन्यांना जवळपास काटकोनात फुटून सरळ आत घुसतात, त्यामुळे मोठ्या धमनीतला दाब फारसा न उतरता त्यांच्यावर येतो. बाकीच्या पृष्ठभागावरून निघून पांढऱ्या भागातून खाली उतरत जातात. या दुसऱ्या धमनिकांच्या टोकाचा प्रदेश म्हणजे कालव्याच्या शेवटचं शेत: वरून पाणी जरा कमी सुटलं की आधी तेच सुकतं.

रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला की धमनिकांच्या भिंतीतले स्नायू मरतात आणि त्यांची जागा ताठर तंतू घेतात. भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होते. एखादी धमनिका पुरती बंद पडली की तिच्या वाट्याचा मेंदूचा तुकडा मरतो आणि 3 ते 15 मिलिमीटरची पोकळी उरते. पिएर मारी या फ्रेंच डॉक्टरांनी 1901 साली अशा पोकळ्यांचं सविस्तर वर्णन केलं. पुढे मेंदूविकारतज्ज्ञ मिलर फिशर यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंचे ओळीने पातळ काप घेऊन एकेका धमनिकेचा माग काढला आणि नेमकं कुठे काय बिघडलं ते दाखवून दिलं. यातल्या बऱ्याच पोकळ्या तयार होताना माणसाला काहीच कळत नाही. हात लुळा पडत नाही, तोंड वाकडं होत नाही.

पण नळी तुंबणं ही गोष्टीची अर्धीच बाजू आहे. उरलेली अर्धी मला शरीरक्रियाशास्त्रातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. मेंदूला नुसतं रक्त पुरत नाही; ज्या भागाचं काम चालू आहे, त्याच भागात, काम सुरू झाल्यावर एक-दोन सेकंदांत ते वाढावं लागतं. चार्ल्स रॉय आणि चार्ल्स शेरिंग्टन या शास्त्रज्ञांनी 1890 मध्येच मांडलं होतं की मेंदूची क्रिया आपल्या गरजेनुसार स्थानिक रक्तप्रवाह स्वतःच बदलून घेते. ते घडतं कसं, याचे तपशील मात्र आत्ता-आत्ता हाती लागले.

चेतापेशी काम करताना पोटॅशियमचे आयन बाहेर टाकते. शेजारून केशवाहिनी गेलेली असते. मेंदूत जवळपास प्रत्येक चेतापेशीला हाकेच्या अंतरावर एक तरी केशवाहिनी असतेच. केशवाहिनीला स्नायू नसतात, म्हणजे ती स्वतः फारशी रुंद होऊ शकत नाही. पण तिच्या अस्तरातल्या पेशींवर एक विशिष्ट आयनमार्ग असतो. बाहेरचं पोटॅशियम थोडं वाढलं की तो उघडतो. यात गंमत अशी की बाहेर पोटॅशियम वाढलेलं असूनही पेशीतलं पोटॅशियम बाहेरच पडतं, कारण आत ते कितीतरी पट जास्त असतं. धनभार बाहेर गेल्यामुळे पेशीची आतली बाजू आणखी ऋण होते. अस्तरातल्या पेशी एकमेकींना सूक्ष्म छिद्रांनी जोडलेल्या असतात. त्यामुळे हा विद्युतबदल पेशीमागून पेशी असा, रक्ताच्या उलट दिशेने, वरच्या धमनिकेपर्यंत जातो. तिथे स्नायू असतात. स्नायूपेशीचा विद्युतभार बदलला की तिचे कॅल्शियमचे मार्ग मिटतात, कॅल्शियम आत येणं थांबतं, स्नायू सैल पडतो, धमनिका रुंद होते आणि मागणी आली होती त्याच केशवाहिनीकडे जादा रक्त धावतं. उंदरांच्या मेंदूत ही साखळी 2017 मध्ये दाखवली गेली. रक्तवाहिनी सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू आणि अॅस्ट्रोसाइट या चेतापेशींच्या मदतनीस पेशींचे निरोप याच कामाला जोडीला असतात.

म्हणजे केशवाहिन्यांचं जाळं मेंदूचं ऐकत असतं. फंक्शनल एमआरआयच्या, म्हणजे मेंदूचं काम चालू असताना घेतलेल्या चित्रांत जे रंगीत ठिपके दिसतात, ते विचारांचे नसून या जादा रक्ताचे असतात.

उच्च रक्तदाब असलेल्या उंदरांमध्ये हे ऐकणंच मंदावलेलं आढळतं. धमनिका बंद नसते, रक्त वाहत असतं, पण मागितल्यावर वाढत नाही. त्यात अस्तर गळकं झालं की रक्तातली प्रथिनं मेंदूत झिरपतात. याचा पहिला फटका मायलिन बनवणाऱ्या पेशींना बसतो, कारण प्राणवायूची तूट त्यांना सोसत नाही. मायलिन म्हणजे चेतातंतूंवरचं स्निग्ध वेष्टण. ते झिजलं की मेंदूच्या दोन भागांमधले संदेश रेंगाळतात. एमआरआयवरचे पांढरे डाग बहुतांशी हेच असतात.

आता लक्षणांचा उलगडा होतो. तज्ज्ञ एक साधी चाचणी घेतात. कागदावर विखुरलेली वर्तुळं असतात, काहींत अंक, काहींत अक्षरं. ती आलटूनपालटून जोडायची: 1, क, 2, ख, 3, ग. या आजारातल्या माणसाला अंक येतात, अक्षरंही येतात. पेन्सिल ‘ख’वर येऊन थांबते आणि मग ‘ग’कडे सरकू लागते. एका रांगेतून दुसरीत उडी मारणंच जड जातं, कारण त्यासाठी मेंदूच्या पुढच्या भागाला खोलवरच्या केंद्रांशी सतत बोलावं लागतं, आणि ते तंतू या डागांमधूनच जातात.

स्मरणाचंही तसंच. पाच शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले तर तीन आठवत नाहीत. ‘त्यात एक रंग होता’ असं सुचवलं की लगेच ‘लाल’ येतो. शब्द साठलेला होता, काढता येत नव्हता. अल्झायमरमध्ये बहुधा असं सुचवूनही आठवत नाही. ही विभागणी काटेकोर मात्र नाही. उतारवयात दोन्ही आजार एकाच डोक्यात असणं अगदी नेहमीचं. अमेरिकेतल्या ख्रिस्ती जोगिणींवर (नन) झालेल्या अभ्यासात 1997 साली दिसलं की मेंदूत अल्झायमरच्या खुणा असलेल्यांपैकी ज्यांना खोलवर छोट्या पोकळ्याही होत्या, त्यांना स्मृतिभ्रंश झालेला असण्याचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. चाल मंदावणं, पावलं छोटी होणं, कशातच उत्साह न राहणं हीदेखील याच आजाराची लक्षणं, पण तो स्वभावातला बदल म्हणून सोडून दिला जातो.

इथे ‘मेंदूचा रक्तपुरवठा वाढवा’ म्हणणाऱ्यांचा बाजार उभा राहतो. डोकं खाली, पाय वर करून रक्त मेंदूकडे वळवण्याचे सल्ले सर्रास मिळतात. निरोगी मेंदू मात्र दाब वाढला की धमनिका आवळून प्रवाह जवळपास तेवढाच ठेवतो, त्यामुळे हा खटाटोप फुकट जातो आणि ज्याच्या धमनिका ताठ आहेत त्याला धोक्याचा ठरू शकतो. जिन्को या वनस्पतीच्या गोळ्या तर स्मरणशक्तीसाठी जगभर खपतात. तीन हजारांहून अधिक वृद्धांवर झालेल्या मोठ्या चाचणीचा निकाल 2008 मध्ये आला: स्मृतिभ्रंश टाळण्यात या गोळ्या आणि औषध नसलेल्या गोळ्या सारख्याच. तरीही जाहिराती थांबलेल्या नाहीत, याची मला मनापासून चीड येते.

ज्याचा पुरावा आहे ते उपाय कंटाळवाणे आहेत, म्हणून मागे पडतात. ‘स्प्रिंट’ नावाच्या चाचणीत पन्नाशीपुढच्या 9361 जणांपैकी निम्म्यांचा वरचा रक्तदाब 120 च्या खाली आणण्याचं उद्दिष्ट होतं, उरलेल्यांचा 140 च्या खाली. 2019 च्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटात बुद्धीची सौम्य घसरण होण्याचा धोका 19 टक्क्यांनी कमी दिसला आणि पांढरे डागही सावकाश वाढले. स्मृतिभ्रंशातला फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, हेही सांगायलाच हवं. तंबाखू सोडणं, साखर आटोक्यात ठेवणं आणि रोजचं चालणंही या धमनिकांच्याच कामी येतं.

फक्त आकड्याच्या मागे लागून वृद्धांचा दाब धडाधड उतरवायचा नसतो. ताठ धमनिकांना दाब उतरल्यावर रुंद होता येत नाही. मग कालव्याच्या टोकाला आणखीच टंचाई. म्हणून बसून किंवा झोपून दाब मोजल्यावर माणसाला उभं करून तीन मिनिटांच्या आत तो पुन्हा मोजतात. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने घसरला, तर औषध वाढवण्याआधी डॉक्टरांना विचार करावा लागतो. घरी बीपीचं मशीन असेल तर उभं राहून घेतलेले हे आकडेही लिहून ठेवा आणि पुढच्या तपासणीला सोबत न्या.