इंजिन बंद पडणं वेगळं, स्टॉल होणं वेगळं

छोट्या विमानाचा अपघात झाला की ठरलेलं वाक्य कानावर येतं: ‘इंजिन स्टॉल झालं आणि विमान दगडासारखं खाली आलं.’ दोन निराळ्या घटना यात सरळ एकमेकींत कालवलेल्या असतात. याला कारण आपली मोटारगाडी. सिग्नलला गाडी स्टॉल होते म्हणजे तिचं इंजिन बंद पडतं. विमानात स्टॉल होतो तो पंख, आणि त्या वेळी इंजिन ठणठणीत चालू असू शकतं.

इंजिन बंद पडणं कुणालाही कळतं. इंधन संपतं, त्यात पाणी जातं, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतं, एखादा भाग तुटतो. त्यानंतर विमान उडायचं थांबतं, ही समजूत मात्र चुकीची. चार आसनांचं सेसना १७२ शांत हवेत १००० फुटांवरून इंजिनाशिवाय साधारण अडीच किलोमीटर तरंगत जातं. उंची खर्च करायची आणि तिच्या बदल्यात वेग राखायचा, एवढाच व्यवहार.

आता स्टॉल. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन एका मर्यादेपलीकडे गेला की पंखावरून वाहणारी हवा त्याला धरून राहत नाही आणि उचलून धरणारा जोर एकदम घटतो. छोट्या विमानांत ही मर्यादा सहसा १५-१६ अंशांच्या आसपास असते. कोन हवेशी मोजायचा, क्षितिजाशी नाही. म्हणजे नाक आभाळाकडे नसतानाही स्टॉल होतो. उपाय एकच, वैमानिकाच्या हातातली नियंत्रणाची दांडी पुढे ढकलून नाक खाली करायचं. जमीन जवळ असताना हात नेमका उलट वागतो, दांडी मागे ओढतो.

न्यूयॉर्क राज्यातल्या चार आठवड्यांच्या अंतराने झालेल्या दोन घटना पाहा. १५ जानेवारी २००९ ला पक्ष्यांच्या धडकेने एअरबसच्या दोन्ही इंजिनांनी मान टाकली. वैमानिकांनी ती हडसन नदीत उतरवली आणि आतले १५५ जण वाचले. १२ फेब्रुवारीला बफेलोजवळ ७४ आसनांचं क्यू-४०० हे प्रवासी विमान उतरायच्या तयारीत होतं. दोन्ही इंजिनं चालू होती, पण वेग घसरला. दांडी थरथरून स्टॉलचा इशारा देऊ लागली, तेव्हा कॅप्टनने ती मागे ओढली. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले.

मग हा घोळ इतका चिवट का? कारण छोट्या विमानांत पहिली गोष्ट दुसरीला बोलावते. उड्डाणानंतर ४०० फुटांवर इंजिन गेलं की धावपट्टी पाठीमागे दिसत असते, आणि परत फिरायचा मोह अनावर होतो. नुसतं १८० अंश वळून भागत नाही. वळणात विमान बाजूला सरकलेलं असतं, म्हणून धावपट्टीच्या रेषेत यायला आणखी वळावं लागतं. उंची कमी, म्हणून वळण तीव्र. ६० अंश कललेल्या विमानाचा स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली गेलं की पंख स्टॉल होतो तो वेग, १.४ पट होतो. सेसना १७२ च्या ‘एस’ मॉडेलमध्ये फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) वर असताना तो सरळ उड्डाणात ४८ नॉट (तासाला सागरी मैल) असतो, या वळणात तो ६८ च्या घरात जातो. आणि इंजिन बंद असताना तरंगण्यासाठी याच विमानाला सांगितलेला वेग किती? ६८ नॉट! म्हणजे गाठीला काही शिल्लकच नाही. त्यात वळण पुरेना म्हणून पायाने रडर (शेपटावरचं सुकाणू) दाबला की एक पंख आधी स्टॉल होतो, विमान गरगरत खाली येतं आणि सावरायला उंची उरलेली नसते.

अशा वेळी इंजिनावर खापर फोडलं की तपासाचा विषय मिटल्यासारखा वाटतो. मला याचीच जास्त चीड येते. इंजिनाने फक्त अडचणीत आणलं होतं, घात वळणाने केला. पुरेशी उंची आणि आधी केलेला सराव असेल तर परत फिरता येतं, असं शिकवणारे प्रशिक्षक आहेत. असू देत. त्या ४०० फुटांवर मी समोरचं शेतच निवडीन, फार तर डावी-उजवीकडे तीसेक अंशांत मिळेल ते. ७० नॉटऐवजी ५० नॉटने टेकलात तर धडकेची ऊर्जा जवळपास निम्मी होते. चाकं मोडतील, पंख झाडात अडकेल. विमान विमा कंपनीचं, मान तुमची.

जेट इंजिनाच्या आतही ‘कॉम्प्रेसर स्टॉल’ नावाचा प्रकार असतो, त्यात आतल्या हवेचा प्रवाह बिघडून फटाके फुटल्यासारखे आवाज येतात. तो खरोखर इंजिनाचाच आजार, पण शेतात उतरलेल्या पिस्टन इंजिनाच्या सेसनाशी त्याचा काडीचा संबंध नाही.