पार्श्वभूमी : रंगद्रव्याशिवाय रंगणारी शाई

मोरपीस पाण्याने भिजवलं की त्याचे झळाळते रंग नाहीसे होतात, अशी नोंद इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने 1665 मध्ये ‘मायक्रोग्राफिया’ या आपल्या पुस्तकात केली. रंगद्रव्य पाण्याने असं लपत नाही, म्हणजे हा रंग पिसाच्या सूक्ष्म घडणीतूनच येत असणार. न्यूटननेही 1704 च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये मोरपिसाची सांगड पातळ पापुद्र्यांवरच्या रंगांशी घातली. अशा घडणीतून परतणाऱ्या प्रकाशलहरींपैकी काही एकमेकींना बळ देतात, काही पुसून टाकतात. डोळ्यांना दिसतो तो उरलेला रंग.

हे तत्त्व चित्रासाठी प्रथम वापरलं फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गाब्रिएल लिपमन यांनी, 1891 मध्ये. फोटोच्या काचेमागे आरशासारखा पारा ठेवून त्यांनी प्रकाशलहरींचे थर काचेवरच्या प्रकाशसंवेदी लेपातच गोठवले आणि रंगद्रव्याचा कणही न वापरता रंगीत छायाचित्र मिळवलं. 1908 चं नोबेल त्यांना त्याबद्दलच मिळालं. पण प्रकाश फार वेळ द्यावा लागे आणि प्रती काढता येत नसत, म्हणून पद्धत मागे पडली.

आपल्याकडचा दुवा चंद्रशेखर वेंकट रामन यांचा आहे, आणि तो फार कमी सांगितला जातो. पक्ष्यांच्या पिसांतला निळा रंग आकाशाच्या निळाईसारखा, प्रकाशाच्या नुसत्या विखुरण्याने येतो, असा तेव्हा समज होता. 1930 च्या दशकात बंगळुरूला नीलपंख पक्ष्याची पिसं तपासताना रामन यांना हे स्पष्टीकरण अपुरं वाटलं. 1998 मध्ये रिचर्ड प्रम आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवरून दाखवलं की निळ्या पिसातल्या पोकळ्या अस्ताव्यस्त दिसल्या तरी आपसांत ठरावीक अंतर राखतात आणि रंग त्या अंतरातून येतो. रामन यांची शंका रास्त होती.

छपाईच्या यंत्रापर्यंत हा रंग आला तो नोटांमुळे. 1987 मध्ये थायलंडच्या 60 बाहतच्या स्मारक नोटेवर कोनानुसार रंग बदलणारी शाई वापरली गेली. भारतात नोव्हेंबर 2000 मध्ये 1000 आणि 500 रुपयांच्या नोटांवरचा आकडा अशाच शाईने छापला जाऊ लागला. त्या शाईतले चकाकते कण मात्र निर्वात कक्षात थरावर थर चढवून आधी तयार करावे लागतात. वाळता वाळता कागदावर स्वतःच रचना उभी करणारी शाई ही पुढची, माझ्या मते खरी अवघड पायरी.

तिची वाट ओपल या रत्नाने दाखवली. 1964 मध्ये ऑस्ट्रेलियात जे. व्ही. सँडर्स यांनी त्यातले सिलिकाचे एकसारखे, ओळीने रचलेले गोल पाहिले. 1968 मध्ये श्ट्योबर आणि सहकाऱ्यांनी तसे गोल प्रयोगशाळेत बनवण्याची कृती दिली. असे गोल पाण्यात मिसळून थेंब सोडला की वाळताना ते नीट रचले जातात. मात्र रचना जितकी शिस्तबद्ध, तितका रंग कोनागणिक बदलतो. सगळीकडून सारखा रंग हवा तर रचना थोडी विस्कटावी लागते. मग पांढुरकेपणा येतो, आणि तो गिळायला चिमूटभर काजळी घालतात. मोराच्या पिसात हेच काम मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य करतं.

लाल रंग तरीही हाती लागेना. कारण 2014 मध्ये हार्वर्डच्या विनोतन मनोहरन यांच्या गटाने मांडलं : लालसाठी गोल मोठे घ्यावे लागतात, आणि मोठा गोल एकेकटाच निळा प्रकाश मागे फेकतो. लालाचा जांभळा होतो.

2021 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी एकाच पारदर्शक शाईचे सूक्ष्म घुमटाकार ठिपके इंकजेटने छापून पूर्ण रंगीत चित्रं काढली. तिथे रंग ठरतो ठिपक्याच्या आकारावरून, त्यामुळे शाईच्या वेगवेगळ्या बाटल्या लागतच नाहीत. पण हा रंग प्रकाश आणि नजर कोणत्या कोनात आहेत यावर अवलंबून असल्याने, वर्तमानपत्राच्या पानाआधी सुरक्षाखुणांसाठी ही शाई उपयोगी पडेल असं वाटतं.