डेक कुजतो स्क्रूच्या भोकातून

अमेरिकेत १९७७ पासून बनू लागलेली जे/२४ ही शर्यतीची शिडाची होडी वरून सगळी फायबरग्लासची दिसते, पण तिच्या डेकच्या, म्हणजे ज्यावर चालतात त्या वरच्या भागाच्या, पोटात लाकूड आहे. फायबरग्लासचे दोन पातळ थर आणि मध्ये बाल्सा. इक्वाडोरच्या जंगलांतलं हे लाकूड इतकं हलकं, की त्याचा घनमीटर साधारण दीडशे किलो भरतो.

डेकवर माणूस उभा राहिला की वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. मधल्या भागाचं, म्हणजे गाभ्याचं, काम या दोघांना एकमेकांपासून दूर धरणं आणि सरकू न देणं. पत्र्याची जाडी दुप्पट केली तर वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो; बाल्सामुळे ही जाडी जवळपास फुकटात मिळते. अट एकच, तिन्ही थर घट्ट चिकटलेले हवेत.

घात होतो तो कठड्याच्या खांबांपाशी किंवा दोर बांधायच्या खुंट्यांपाशी. तिथल्या स्क्रूभोवतीचं सील काही वर्षांत सुटतं आणि पाणी थेंबाथेंबाने गाभ्यात शिरतं. ओलावा वीस टक्क्यांच्या आत असेल तर लाकूड कुजवणारी बुरशी वाढत नाही, पण बंद गाभ्यात आलेलं पाणी सहसा बाहेर पडत नाही. बाल्साचे तंतू उभे लावलेले असतात, म्हणून पाणी आडवं हळू पसरायला हवं. प्रत्यक्षात बाल्साच्या ठोकळ्यांमधल्या ज्या फटींत रेझिन (वाळून कडक होणारा चिकट द्रव) भरलेलं नसतं, त्याच पाण्याच्या वाटा होतात.

कुजलेली जागा शोधायला प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत जावं. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. पाय ठेवला तर डेक लवतो.

भोकं पाडून आत इपॉक्सी हे रेझिन ओतायचा उपाय अनेकजण सुचवतात. मला तो पटत नाही. ओल्या लाकडात इपॉक्सी मुरत नाही, आणि कुजलेला गाभा थरांना पुन्हा धरूही शकत नाही. वरचा थर कापून उचलायलाच हवा. आत हाताला लागतो तो उकळून उरलेल्या चहाच्या चोथ्यासारखा काळपट लगदा. निरोगी, कोरडं लाकूड लागेपर्यंत तो खरवडायचा आणि उरलेलं सगळं पूर्ण वाळू द्यायचं. इथे घाई केली तर बुरशी नव्या गाभ्यातही शिरते. मग सिलिका मिसळून घट्ट केलेल्या इपॉक्सीत नवा बाल्सा बसवायचा. कापलेला थर परत चिकटवताना त्याच्या कडा आणि भोवतालचा भाग उतरते घासायचे, उतार जाडीच्या बारापट रुंद. तीन मिलिमीटरच्या थराला छत्तीस मिलिमीटर. जोडाचा पृष्ठभाग वाढला की ताण एका रेषेवर न येता पसरतो. या उतारावर काचकापडाचे थर इपॉक्सीत भिजवून चढवायचे.

शेवटी भोकं. प्रत्येक भोक आधी मोठं पाडायचं, आजूबाजूचा बाल्सा कोरून काढायचा, ती पोकळी घट्ट इपॉक्सीने भरायची आणि मगच स्क्रूच्या मापाचं भोक पाडायचं. सील पुन्हा कधीतरी सुटेलच, पण तेव्हा पाण्याला समोर लाकूड सापडणार नाही.