गवंडी प्रशिक्षण

वीट-दगडाचे बांधकाम आणि गिलावा करणाऱ्या कुशल कारागिराला गवंडी किंवा मिस्त्री म्हणतात. भारतात ही विद्या बहुतांशी कामावरच शिकली जाते. आधी बिगारी म्हणून घमेली वाहायची, माल कालवायचा, मिस्त्रीचा हात बघत राहायचे आणि संधी मिळेल तेव्हा थापी चालवून पाहायची. ही वाट पोरासाठी खुली असते. त्याच साइटवर तितकीच वर्षे राबलेली बाई मात्र बिगारीच राहते. समान वेतनाचा १९७६ चा कायदा इथे तोकडा पडला, कारण समान कामच तिच्या वाट्याला येत नव्हते.

महाराष्ट्रात गवंड्यांच्या शिक्षणाची निकड ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने दाखवून दिली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी लातूर-उस्मानाबादकडची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. दोष दगडाचा कमी, रचनेचा अधिक होता : भिंतीचे आतले व बाहेरचे थर एकमेकांत गुंतवणारे आरपार दगड नव्हते, चारही भिंतींना बांधून ठेवणारा पट्टा नव्हता. पुनर्वसनात गवंड्यांना हे नव्याने शिकवावे लागले. दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामात गावोगावच्या महिला मंडळांना ‘संवाद सहायक’ नेमले गेले. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने त्यांची बांधणी केली. घराचे काम नीट होते की नाही, हे बायका विचारू लागल्या. गवंड्यांना ते सुरुवातीला रुचले असेल असे वाटत नाही.

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात ४५ दिवसांचे गवंडी प्रशिक्षण आहे. ते लाभार्थ्याच्या खऱ्याखुऱ्या घरावर होते, आणि यातच त्याचे मोल आहे. भिंत सरळ उभी आहे का हे दाखवणारा ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेला लंबक, पुस्तकातून येत नाही. दोरीच्या वरच्या टोकाचा ठोकळा, म्हणजे गुटका, भिंतीला टेकवून दोरी सोडायची, लंबक स्थिर होऊ द्यायचा. तो भिंतीला जेमतेम शिवेल न शिवेल असा राहिला तर भिंत सरळ. टेकून राहिला तर भिंत आत गेली, दूर राहिला तर बाहेर झुकली. चार थर चढल्यावर चूक कळली तर रचलेले उतरवावे लागते. ते एकदा स्वतः उतरवले की पुढच्या वेळी हात आपोआप ओळंब्याकडे जातो. शेवटी परीक्षा व प्रमाणपत्र असते.

झारखंडमध्ये स्वच्छ भारत मोहिमेत शौचालये बांधण्यासाठी बचत गटांतल्या स्त्रियांना शिकवले गेले. त्यांना ‘राणी मिस्त्री’ हे नाव पडले. अनेक जणी पुढे घरेही बांधू लागल्या.

थापी मिळाली तरी तान्हे मूल कुठे ठेवायचे, हा प्रश्न उरतो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानुसार पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे पाळणाघर बंधनकारक होते. लहान साइट त्यातून सुटत. बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळात नाव नोंदवायचे तर मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या, अशा नाक्यावरच्या मजुराला तो मिळवताना नाकी नऊ येतात.