कौल आणि कौलं

मेच्या तिसऱ्या आठवड्यात गुहागरकडच्या आमच्या घराची कौलं परततात. गडी वर चढतो, फुटकं कौल काढून खाली देतो, मी नवं वर देतो, मधेच एखादा विंचू निघतो. शेजारच्या काकू आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, सुकी मासळी उन्हात घालून कावळे हाकत बसलेल्या असतात. शाकारणी कशाला करता, असं कोकणात कुणी कुणाला विचारत नाही. गळलं तर पाणी आपल्याच अंथरुणावर पडणार, हे कारण पुरेसं असतं.

आता दुसरं चित्र. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. पुढच्या जूनमध्ये नवा पूल सुरू झाला. बांधकाम १६५ दिवसांत उरकलं म्हणून कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण जी यंत्रणा साडेपाच महिन्यांत नदीवर पूल उभा करते, तिला जुना पूल आधीच बदलायला कुणी अडवलं होतं? नाक्यावर याची दोन उत्तरं तयार असतात : ‘सगळे चोर’ आणि ‘सरकारकडे पैसाच नाही’. दोन्हीत तथ्य असेल. तरी खुर्चीत प्रामाणिक माणूस बसवला आणि तिजोरी भरून दिली, तरी निर्णय बहुधा तोच होईल. कारण गणित तसं आहे, आणि हे गणित मला फार आवडतं, म्हणून जरा सावकाश जाऊ.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणजे आज आला की पुढची ९९ वर्षं सुट्टी, असं नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का, एवढाच त्याचा अर्थ. यंदा न येण्याची शक्यता ०.९९. सलग पाच वर्षं न येण्याची शक्यता ०.९९ ला स्वतःनेच पाच वेळा गुणायचं, म्हणजे सुमारे ०.९५१. म्हणून आमदाराच्या एका कारकिर्दीत तो पूर येण्याची शक्यता ४.९ टक्के. तेच ५० वर्षं टिकणाऱ्या घराच्या मालकाने केलं, तर त्याच्या वाट्याला साधारण ३९.५ टक्के येतात. पूर तोच, नदी तीच. बघणाऱ्याची मुदत वेगळी.

आता पैसे घालू. समजा, १० कोटींचा बंधारा बांधला की असा पूर आल्यावर १०० कोटींचं नुकसान टळतं. १ टक्का शक्यतेने वर्षाला सरासरी १ कोटी वाचतात. ५० वर्षांत ५० कोटी, म्हणजे धंदा फायद्याचा. कुणी म्हणेल, व्याज धरा. धरू. ७ टक्क्यांनी ५० वर्षांनंतरचा रुपया आज जेमतेम साडेतीन पैशांचा होतो, तरीही सगळी बचत आजच्या किमतीत सुमारे १३.८ कोटी भरते. बंधारा अजूनही परवडतो. पण पाच वर्षांचीच खिडकी ठेवली, तर बचत ४.१ कोटी आणि खर्च १० कोटी. शिवाय बंधारा चोख असेल आणि पूर आलाच, तर दुसऱ्या दिवशी बाजार नेहमीसारखा उघडतो. न झालेल्या नुकसानीचा फोटो कुठल्या पेपरात छापणार? पंचनामा झालेल्या नुकसानीचाच होतो.

हे कागदावरचंच नाही. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या दोघांनी अमेरिकेतल्या जिल्ह्याजिल्ह्यांचा मदतखर्च आणि मतदान ताडून २००९ मध्ये निष्कर्ष छापला. आपत्तीनंतर मदत वाटणाऱ्या सत्ताधाऱ्यांना मतं मिळतात. आधी तयारी करणाऱ्यांना जवळपास काही मिळत नाही. त्यांच्याच अंदाजाप्रमाणे तयारीचा एक डॉलर पुढचं सुमारे १५ डॉलरचं नुकसान वाचवतो. भारतातल्या विधानसभा निवडणुकांवरही असा अभ्यास झाला आहे. पाऊस बिघडला की मतदार सत्ताधाऱ्यावर राग काढतात आणि मदत तत्परतेने आली तर तो राग थोडा उतरतो, असं त्यात दिसलं.

पाऊस सरकारच्या हातात नसतो, तरी राग का? १९१६ मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शार्कने काही माणसं मारली आणि त्या पट्ट्यात राष्ट्राध्यक्ष विल्सन यांची मतं घटली, असं दोन अभ्यासकांनी मांडलं. पुढे इतरांनी त्यांची आकडेमोड खोडून काढायचा प्रयत्न केला. तो वाद मिटलेला नाही. आपल्याकडेही पूर आला की कुणीतरी ‘देवस्थानाचं काहीतरी राहिलं’ म्हणतोच. मग गुरव देवाच्या ओल्या दगडाला फुलांचे कळे लावून कौल मागतो आणि उजवा पडला की गाव निश्चिंत होतं. कळा ओल्या दगडावरून घसरतो, त्याला चिपळूणच्या वाशिष्ठी नदीच्या पात्रातल्या गाळाची काय खबर असणार? पण जनतेचा कौलही कधी कधी असाच घसरतो, हे मान्य करायला आपण का कचरतो?

तिजोरीचा भाग थोडक्यात. सरकारी हिशेब रोखीचा असतो, म्हणजे पैसा आला-गेला तेवढंच लिहितात. पुलाचा पाया दर वर्षी किती झिजला, हे त्यात येत नाही. दुरुस्ती बहुतेक महसुली खर्चात बसते आणि ओढगस्तीत कात्री तिथेच आधी लागते. पुढे ढकललेली दुरुस्ती कर्ज म्हणून कुठेच दिसत नाही. पूर्वी वित्त आयोग राज्यांचा आपत्ती निधी मुख्यतः आधीच्या खर्चावरून ठरवत. जास्त खर्चलं त्याला जास्त! पंधराव्या आयोगाने त्यात धोक्याचा निर्देशांक आणला आणि २०२१-२६ साठीच्या १,६०,१५३ कोटींपैकी २० टक्के फक्त धोका आधीच कमी करण्यासाठी वेगळे काढले. आमदार बदलला नाही, डबा बदलला. मला ही युक्ती भाषणांपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

चिपळूणकरांनी मात्र माझं गणित थोडं चुकवलं. २००५ नंतर २२ जुलै २०२१ ला पुन्हा बाजारपेठ बुडाली. भिंतींवरची चिखलाची रेघ अजून पुसली नव्हती, तेव्हा लोक साखळी उपोषणाला बसले. मागणी नुसत्या मदतीची नव्हती, वाशिष्ठीतला गाळ काढण्याची होती. त्यानंतर यंत्रं नदीत उतरली.

गाळ काढणं हे काम तयारीचं आहे, पण त्याचा ढीग दिसतो, फोटो निघतो. आमच्या घरामागच्या पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, मोरीतलाही गाळ गेल्या मेमध्ये काढला. मोजमाप ब्रासमध्ये झालं आणि बिल काढलेल्या गाळाचं लागलं. तो न्यायचा कुठे, हे कामात नव्हतं. म्हणून ढीग काठावरच राहिला. मृगाच्या दुसऱ्या सरीला मी माडीवरून बघत होतो. ढिगाची पऱ्याकडची बाजू आधी काळी पडली, मग खचली, आणि अर्ध्या तासात अर्धा ढीग मोरीच्या तोंडाशी परत जाऊन बसला.