मधुमेही पीतबिंदुशोफ : उपचारयशाचे पूर्वानुमान

मधुमेहात डोळ्याच्या पडद्यातील (दृष्टिपटलातील) सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि मधोमध असलेल्या पीतबिंदूला सूज येते. ती उतरवण्यासाठी डोळ्यात इंजेक्शने देतात. त्यांनी कोणाची नजर किती सुधारेल, याचा आधी बांधलेला अंदाज म्हणजे पूर्वानुमान.

नजर धूसर होते, सरळ रेषा वाकड्या दिसतात. सोलापुरात यंत्रमागावर काम करणाऱ्याला ताण्याचे उभे धागे मध्येच लहरल्यासारखे दिसतात. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असे समजून महिने निघून जातात आणि तेवढ्यात पडद्याचे कायमचे नुकसान होऊ शकते.

अंदाजाचा मुख्य आधार ओसीटी स्कॅन, म्हणजे पडद्याचे थर आणि जाडी दाखवणारी तपासणी. त्यावरचा जाडीचा आकडा रुग्ण व नातेवाईक मनात धरून बसतात. मात्र जाडी आणि नजर यांचा संबंध सैलच असतो. पाहायची ती प्रकाशग्राही पेशींची बारीक चकाकती रेषा. ती सलग असेल तर आशेला जागा असते. ती तुटलेली असेल, किंवा आतले थर एकमेकांत मिसळून ओळखू येईनासे झाले असतील, तर सूज पूर्ण उतरूनही वाचता येईलच असे नाही. पीतबिंदूचा रक्तपुरवठा खुंटलेला असल्यासही तेच.

दुसरी खूण पहिल्या तीन इंजेक्शनांनंतर मिळते. १२ आठवड्यांत नजर तपासण्याच्या तक्त्यावरची ५ अक्षरेही वाढली नाहीत, तर पुढची सुधारणा सरासरीने कमी राहते. मात्र काही डोळे उशिरा प्रतिसाद देतात, म्हणून एवढ्यावरून उपचार सोडणे चूक.

औषधाची निवड सुरुवातीच्या नजरेवर ठरते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत नजर ६/१२ (निरोगी डोळा १२ मीटरवरून वाचतो ते ६ मीटरवरून वाचता येणे) किंवा त्याहून बरी असताना अफ्लिबरसेप्ट, रॅनिबिझुमॅब आणि स्वस्तातले बेव्हॅसिझुमॅब वर्षअखेर सारखेच ठरले. ६/१५ किंवा त्याहून कमी नजरेत अफ्लिबरसेप्ट सरस ठरले. ज्याची नजर अजून बरी आहे, त्याला महागड्या औषधासाठी कर्ज काढायला लावणे म्हणूनच योग्य नाही.

त्या चाचणीतील रुग्णांना पहिल्या वर्षात साधारण ९-१० इंजेक्शने मिळाली होती. करमाळा, सांगोला किंवा मंगळवेढ्याहून सोलापूरला येणाऱ्याला प्रत्येक खेपेस रोजगार बुडवावा लागतो, सोबतीला माणूस आणावा लागतो. थोडे दिसू लागले की खेपा थांबतात आणि सूज परतते. त्यामुळे इथे अंदाज सांगणाऱ्या डॉक्टरांनी स्कॅनइतक्याच गांभीर्याने दोन गोष्टी विचाराव्यात : एसटीने एकटेच येणार का, आणि शुगर व रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का. उत्तर ऐकून वेळापत्रक आखावे आणि ते विणकर कुटुंबांना तेलुगूत, अक्कलकोटकडच्यांना कन्नडमध्ये, घरच्या माणसासमोर समजावून द्यावे.